अडीच वॅटची अडवणूक

लॅपटॉपने बाहेरून जोडलेला डीव्हीडी ड्राइव्ह पकडला नाही की आपल्याकडे पाच मिनिटांत निकाल लागतो. ड्राइव्ह गेला, नाहीतर सीडी गेली. "भाऊ, पकडूनच नाही राहिला," एवढं म्हणायचं, वायर गुंडाळायची आणि सीडी उकिरड्यावर. तपास नाही, सुनावणी नाही, थेट शिक्षा.

ड्राइव्हला झालेल्या शिक्षेचं मला फार वाटत नाही. तो नवा मिळतो. सीडीचं वाटतं.

वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, कुरखेडा, मूल, कुठल्याही गावात जुन्या घरातलं कपाट उघडा. लग्नाची सीडी निघते. मंडईच्या रात्री झालेल्या दंडारीची, म्हणजे इथल्या लोकनाट्याची निघते. गावातल्या पोरांनी बसवलेल्या नाटकाची निघते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांची ही झाडीपट्टी. दिवाळी झाली की इथे मंडई नावाची जत्रा भरते आणि होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात. वडशात नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या थाटल्या जातात. २०२३मध्ये इथले रंगकर्मी परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी झाडीपट्टीचं नाव छापण्याजोगं मानलं. त्या रंगभूमीचं दप्तर मात्र अजून घराघरांतल्या कपाटांत पडून आहे. तालुक्याच्या फोटो स्टुडिओवाल्याने कॅमेऱ्यावर टिपलं, चार-दोन सीड्या काढून दिल्या, स्टुडिओ पुढे बंद झाला. दुसरी प्रत कुठेच नाही.

आणि ती एकुलती प्रत वांग्याच्या वाडीत सुतळीला टांगलेली असते, पाखरं हाकायला.

टांगण्याआधी एकदा नीट तपासा, एवढंच माझं आजचं म्हणणं आहे. तपासणं अवघड नाही. ते कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्यांदा एक तारीख. कारखान्यात तयार झालेली पहिली सीडी १७ ऑगस्ट १९८२ला जर्मनीत हॅनोव्हरजवळ निघाली. त्यानंतर नऊ दिवसांनी, २६ ऑगस्टला, चंद्रपूरमधून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. दोघं एका वयाचे. सीडीला लॅपटॉपवाल्यांनी पंचविशी उलटताच घराबाहेर काढलं. २००८च्या जानेवारीत ॲपलने ड्राइव्ह नसलेला मॅकबुक एअर दाखवला आणि पुढच्या काही वर्षांत बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. लॅपटॉप पातळ झाला, हलका झाला. त्याच काळात आपल्याकडे लग्नाच्या, स्कॅनच्या, कचेरीतल्या कागदपत्रांच्या सीड्या वाटल्या जात होत्या. ज्यांच्या हातात सीडी दिली त्यांच्या यंत्रातून ड्राइव्ह काढून घेतला, आणि वर ड्राइव्ह वेगळा विकत घ्या म्हणाले. हा सौदा ग्राहकाला कुणी समजावून सांगितला नाही.

आता ड्राइव्हच्या भुकेकडे येतो. बाहेरचा बारीक ड्राइव्ह आपली वीज आपण आणत नाही. लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टमधूनच ओढतो. यूएसबी २.० पोर्ट नियमाप्रमाणे ५ व्होल्टला ५०० मिलीअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. यूएसबी ३.० पोर्ट, जो बहुधा आतून निळा असतो, ९०० मिलीअँपिअर देतो, म्हणजे साडेचार वॅट. सीडी फिरायला लागते त्या क्षणी ड्राइव्ह नेहमीपेक्षा जास्त मागतो. शेतातला मोटारपंप सुरू होताना जसा झटक्यात करंट ओढतो, तसंच हे. तेवढ्या क्षणाला पोर्ट कमी पडला की ड्राइव्ह घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. दिवा लागतो आणि विझतो. लॅपटॉप जोडल्याचा आवाज करतो आणि लगेच तुटल्याचा. अशा ड्राइव्हला बिघडलेला म्हणू नका. तो उपाशी आहे.

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. त्याला अडीच वॅटने भागून पाहा. ११६ कोटी ८० लाख ड्राइव्ह एका वेळी फिरतील एवढी ती वीज. कोळसा आपल्या जमिनीखालचा, धूर आपल्या छातीत, राख आपल्या दोरीवरच्या कपड्यांवर. आणि आपल्याच घरात अडीच वॅट पुरत नाहीत म्हणून दंडार उकिरड्यावर जाते. हा दोष तारेवरच्या विजेचा नाही, पोर्टच्या मर्यादेचा आहे, हे मला माहीत आहे. पण ही मर्यादा ड्राइव्हच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला कुणी हरकत घेतली होती? खोक्यावर लिहिलेलं असतं, सगळ्या लॅपटॉपला चालतो.

म्हणून सगळ्यात आधी ड्राइव्ह रिकामा ठेवून जोडा. ट्रेमध्ये काही नको. रिकामा असताना लॅपटॉपला दिसला आणि सीडी टाकल्याबरोबर गायब झाला, तर दोष विजेचा असण्याची शक्यता सर्वात मोठी. मग लॅपटॉपला चार्जर लावा, कारण बॅटरी वाचवण्याच्या नादात लॅपटॉप यूएसबीला झोपवून टाकतो. मध्ये हब असेल तर काढा आणि थेट लॅपटॉपमध्ये लावा. एका बाजूचा पोर्ट नाही चालला तर दुसऱ्या बाजूचा. निळा असेल तर आधी तो. माऊस, पेन ड्राइव्ह, मोबाइलची चार्जिंग, सगळं तेवढ्यापुरतं उपसून ठेवा. काही ड्राइव्हच्या केबलला दोन पिना असतात. दुसरी पिन शोभेची नाही. ती जास्तीची वीज घ्यायला दिलेली आहे, तीही लावा. हब लावायचाच असेल तर भिंतीतून वीज घेणारा, स्वतःचा अडॅप्टर असलेला लावा. आपले सरकार सेवा केंद्रातल्या डेस्कटॉपवर पाहणार असाल तर पुढचे पोर्ट सोडा आणि मागे, थेट बोर्डावर बसवलेल्या पोर्टमध्ये लावा.

एवढ्यानेच पुष्कळ ड्राइव्ह उठून बसतात.

नाही उठला तर वायर. यूएसबी २.०च्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्तातल्या कित्येक चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. ड्राइव्हची मूळ केबल हरवते, घरातली कुठलीशी केबल त्या भोकात बसते, दिवा लागतो, सीडी फिरते, आणि लॅपटॉपला काहीच कळत नाही. मग ड्राइव्हला दोष. ज्या केबलने कधीतरी फोटो कॉम्प्युटरवर उतरवले आहेत, तीच इथे कामाची. ड्राइव्हच्या पोटाखाली गुंडाळून ठेवायची आखूड शेपूट असेल तर मानेपाशी दाबून पाहा. गुंडाळून-गुंडाळून तार तिथेच तुटते. फक्त टाइप-सी भोकं असलेल्या नव्या लॅपटॉपला जोडताना मधला अडॅप्टर माहिती वाहून नेणारा आहे का, तेही पाहा.

मोबाइलला ओटीजी लावून ड्राइव्ह जोडणारे खूप आहेत. घरात लॅपटॉप नाही, मोबाइल आहे, मग हेच सुचणार. पण अँड्रॉइड सीडी-डीव्हीडीवरची फाइल-रचना सहसा वाचत नाही, आणि मोबाइलची वीज तर आणखीच तोकडी. त्यात वेळ घालवू नका. सीडी नुसती पाहायची असेल तर टीव्हीखाली धूळ खात असलेला जुना डीव्हीडी प्लेअर आधी लावून बघा. तो व्हिडिओ सीडी म्हणजे व्हीसीडी वाचतो. त्यावर चालली तर सीडी जिवंत आहे, एवढं पक्कं झालं, आणि भांडण फक्त लॅपटॉपशी उरलं.

लॅपटॉपशी भांडायचं ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये. विंडोजची कळ आणि एक्स एकत्र दाबा, यादीत डिव्हाइस मॅनेजर आहे. ड्राइव्ह जोडताना आणि काढताना त्या पडद्याकडे बघत राहा. यादी जराही हलली नाही तर लॅपटॉपपर्यंत काही पोचलेलंच नाही, परत वायरीकडे चला. 'अननोन यूएसबी डिव्हाइस' आणि कोड ४३ दिसला तर कुणीतरी दार वाजवलं पण नाव सांगता आलं नाही, म्हणजे पुन्हा वीज, केबल किंवा पोर्ट. सीडी-डीव्हीडीच्या रांगेत ड्राइव्हचं नाव आहे पण त्यावर पिवळी खूण आहे, तर गडबड बहुधा विंडोजमध्ये आहे. तिथे हार्डवेअरला हात लावायची गरज नाही.

त्या नावावर उजवी क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा, ड्राइव्ह उपसा, आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. शट डाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रीस्टार्ट नव्हे. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं आहे. त्यात शट डाउन करतानाही जुनी अवस्था काही प्रमाणात जपून ठेवली जाते, आणि चूक जशीच्या तशी परत उभी राहते. रीस्टार्टनंतर ड्राइव्ह जोडला की विंडोज आपला ड्रायव्हर आपणच बसवतं. बाहेरच्या डीव्हीडी ड्राइव्हला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तरीही काही ड्राइव्हच्या खोक्यात ड्रायव्हरची छोटी सीडी घातलेली असते. जो ड्राइव्ह चालत नाही त्यात घालून वाचायची सीडी! असली सीडी घालणाऱ्याने ग्राहकाचा एक क्षणही विचार केलेला नाही. आणि 'ड्रायव्हर फुकट डाउनलोड करा' म्हणणाऱ्या जाहिरातींवर तर बोट ठेवूच नका. ड्राइव्ह बरा होणार नाही, लॅपटॉप मात्र आजारी पडेल.

पिवळी खूण तरीही राहिली आणि त्यावर दोनदा क्लिक केल्यावर कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ दिसला, तर एक जुना अपराधी शोधायचा आहे. सीडी लिहिण्याची जुनी सॉफ्टवेअर, नीरो किंवा रॉक्सिओसारखी, रजिस्ट्रीत 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' नावाच्या दोन नोंदी करून ठेवतात. सॉफ्टवेअर काढलं तरी नोंद कधीकधी मागे राहते आणि ड्राइव्हची वाट अडवते. रजिस्ट्री एडिटरमध्ये सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास असं उतरत जायचं आणि ४डी३६ई९६५ने सुरू होणारी कळ गाठायची. त्या कळीच्या नोंदीत सीडी-रॉम असं लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही. आधी त्या कळीची 'एक्स्पोर्ट' करून प्रत ठेवायची, मग या दोनच नोंदी पुसायच्या आणि रीस्टार्ट करायचं. सीडी लिहिणारं सॉफ्टवेअर पुढे अडलं तर ते पुन्हा बसवायचं. ज्याला रजिस्ट्री म्हणजे काय ते माहीत नाही, त्याने हे स्वतः करू नये, एमएस-सीआयटी शिकवणाऱ्या केंद्रातल्या जाणत्या पोराला हा परिच्छेद वाचायला द्यावा. त्याला पाच मिनिटांचं काम आहे.

ड्राइव्ह यादीत नीट दिसतो, पिवळी खूण नाही, पण 'धिस पीसी'मध्ये नाही, असंही होतं. तेव्हा डिस्क मॅनेजमेंट उघडून ड्राइव्हला अक्षर दिलेलं आहे का ते पाहा. नसेल तर झेड द्या, एक्स द्या, रिकामं असेल ते. आणि लॅपटॉप कचेरीचा असेल तर आधी कचेरीत विचारा. पुष्कळ सरकारी आणि बँकेच्या लॅपटॉपवर बाहेरून जोडलेली साठवण मुद्दाम बंद केलेली असते. तिथे तुमचं कसब चालणार नाही, परवानगी चालेल.

आता समजा ड्राइव्ह दिसला, फिरला, आणि सीडी मात्र वाचेना. इथेही घाई नको. ड्राइव्हमध्ये सीडीसाठी एक आणि डीव्हीडीसाठी एक असे दोन वेगवेगळ्या तरंगलांबीचे लेझर असतात, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा. एक थकला तरी दुसरा चालतो. त्यामुळे डीव्हीडी चालली म्हणजे सीडी चालायलाच हवी, हा तर्क टिकत नाही. एक कारखान्यात छापलेली सीडी, एक घरी लिहिलेली सीडी आणि एक डीव्हीडी, अशा तीन तबकड्या टाकून पाहा. तिन्ही नाकारल्या तर ड्राइव्ह संशयित. एकच नाकारली तर ती तबकडी.

घरी लिहिलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्यात असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे त्याचे वैरी, आणि आपल्याकडे तिन्ही मुबलक. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा कधीकधी ४७ अंशांच्या वर जातो, पुढच्याच महिन्यात भिंतींना ओल धरते. पत्र्याच्या खोलीत लोखंडी कपाटात ठेवलेल्या सीडीने दहा-पंधरा वर्षं तग धरला असेल तर तिचं कौतुक करायला हवं. ती वाचत नाही म्हणजे मेली असंही नाही. थकलेली सीडी एका ड्राइव्हमध्ये वाचत नाही आणि दुसऱ्यात वाचते. जुन्या डेस्कटॉपमधले जाडजूड ड्राइव्ह या कामात बारीक ड्राइव्हपेक्षा अनेकदा सरस ठरतात. सेवा केंद्रात, शाळेच्या संगणक खोलीत असा एखादा डेस्कटॉप अजून असतो. भंगारात देण्याआधी त्याचा ड्राइव्ह तरी काढून ठेवा.

पुसायची तर मऊ सुती कापडाने, मधल्या भोकापासून काठाकडे, सरळ रेषेत. गोल-गोल नाही. सीडीवरची माहिती गोल फिरत जाते, तिला आडवा ओरखडा सोसतो. सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतची तुटलेली जागा वाचणारी यंत्रणा हिशोबाने भरून काढते. पण माहितीच्याच दिशेने गेलेला ओरखडा सलग मजकूर खातो. रॉकेल, पेट्रोल, थिनर लावू नका. टूथपेस्ट घासण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. जिची दुसरी प्रत नाही त्या सीडीवर तो प्रयोग नको. आणि हे सगळं चमकणाऱ्या बाजूचं झालं. सीडीचा खरा नाजूक भाग नाव लिहितो त्या बाजूला आहे, माहिती त्या पातळ लेपाच्या लगेच खाली असते. तिथे बॉलपेनने दाबून "बाळूचे लग्न" लिहिलं की बाळूचं लग्न खरवडलं गेलं. चिकटवलेलं लेबल उपटलं तर चंदेरी थर त्याच्याबरोबर निघून येतो. ते राहू द्या.

ड्राइव्ह सीडी वाचतोय पण चित्र दिसत नाही, ही आणखी वेगळी गोष्ट. विंडोजने ८व्या आवृत्तीपासून डीव्हीडी दाखवणारं सॉफ्टवेअर बरोबर देणं बंद केलं. व्हीएलसी प्लेअर फुकट आहे, तो बसवा. जुनी व्हीसीडी असेल तर आत 'एम्पेगएव्ही' नावाचं फोल्डर सापडेल आणि त्यात 'डॅट' शेपटीची मोठी फाइल. तेच नाटक. व्हीएलसीत ओढून टाका.

करमणुकीपलीकडची सीडी असते ती दवाखान्याची. अहेरी-एटापल्लीकडचा माणूस चंद्रपुरात सीटी स्कॅन करतो, पुढे नागपूरला किंवा सेवाग्रामला पाठवला जातो, हातात फिल्मबरोबर एक सीडी. तिथल्या टेबलावर नव्या जमान्याचा लॅपटॉप, ड्राइव्ह नाही, किंवा आहे आणि पकडत नाही. भामरागडच्या माणसाला पर्लकोटा नदीला पूर आला की गावाबाहेरच पडता येत नाही. तो कसाबसा इतक्या लांब पोचतो, आणि त्याला पुन्हा स्कॅन करून आणायला सांगणं म्हणजे पुन्हा पैसे आणि पुन्हा किरणोत्सर्ग. स्कॅन केंद्रवाल्यांना माझं थेट सांगणं आहे. सीडी द्या, पण त्याच फाइली पेन ड्राइव्हवर किंवा मोबाइलवर उघडता येईल अशा दुव्याने पण द्या. पेशंटच्या नातेवाइकांनीही तिथेच, काउंटरवरच हे मागायचं. निघून आल्यावर नाही. आणि सीडी लॅपटॉपने घेतली पण काही उघडत नसेल तर आपोआप सुरू होण्याची वाट बघू नका. सीडी उघडून आतला 'व्ह्यूअर' हाताने चालू करा. फाइली डायकॉम नावाच्या प्रकारातल्या असतात, साध्या फोटोच्या सॉफ्टवेअरला त्या कळत नाहीत. म्हणून ती सीडी कोरी किंवा खराब ठरवली जाते. ती कोरी नसते.

कचेऱ्यांचंही तेच. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५चा. त्यात माहिती कुठल्या इलेक्ट्रॉनिक रूपात मिळू शकते याची यादी आहे: डिस्केट, फ्लॉपी, टेप, व्हिडिओ कॅसेट, किंवा अन्य कोणतंही इलेक्ट्रॉनिक रूप. पहिली चारही आज कुणाच्या घरात चालत नाहीत. पाचवं तुमचं आहे. अर्ज लिहितानाच ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर हवी असं लिहा. खाण प्रकल्पांच्या जनसुनावणीत तर हे जिव्हारी लागतं. २००६च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी छापील आणि इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही रूपांत ठेवावा लागतो, आणि लोकांना म्हणणं मांडायला किमान ३० दिवस मिळतात. ती इलेक्ट्रॉनिक प्रत सीडीवर आली, गावात ड्राइव्ह नाही, तालुक्याचा ड्राइव्ह पकडत नाही, की त्या ३० दिवसांतले किती दिवस वायरी बदलण्यात जाणार? कोळशाच्या आणि लोखंडाच्या खाणींमधल्या गावांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. जी वस्तू उघडता येत नाही ती दिली असं मानायचं नाही, हे कचेरीला लेखी कळवा आणि पोच घ्या.

आणि ड्राइव्ह चालू झाला, सीडी उघडली, तर नाटक बघत बसू नका. आधी उतरवा. सरळ कॉपी होत असेल तर कॉपी. मध्येच अडकत असेल तर इमेजबर्नसारख्या फुकट सॉफ्टवेअरने अख्ख्या सीडीची इमेज फाइल करा, वेग सर्वात कमी ठेवून. वेळ लागेल, लागू द्या, मध्ये बटण दाबून सीडी बाहेर काढू नका. लॅपटॉप हलवू नका, चार्जर काढू नका. उतरवल्यावर फाइल शेवटपर्यंत चालते का ते बघा, सुरुवातीची दोन मिनिटं बघून समाधान मानू नका, कारण घरी लिहिलेली सीडी बहुधा काठाकडून खराब होते आणि काठाला नाटकाचा शेवट असतो. एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. मूळ सीडी परत जागेवर, अंधारात, उभी. वाडीत नाही.

फाइलला 'न्यू फोल्डर ३' असं नाव ठेवाल तर सगळी मेहनत पाण्यात गेली. गाव, तालुका, साल, मंडळाचं नाव, नाटकाचं किंवा दंडारीचं नाव, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण, आणि लुगडं नेसून बाईचं काम केलेला गडी कोण, हे त्याच फोल्डरमध्ये साध्या फाइलीत लिहून ठेवा. यातलं पुष्कळ तुम्हाला ठाऊक नसेल. ज्यांना ठाऊक आहे ती माणसं सत्तरीपलीकडची आहेत आणि रोवणी आटोपली की संध्याकाळी घरीच सापडतील. लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जा, नाटक लावा, आणि पडद्यावरचा एकेक चेहरा थांबवून नाव विचारा.